हात दोन-सहा, काटा दोन-नऊ

मिस्तरींनी उभ्या आयुष्यात, एक सोडली तर, एकही बॅट काट्यावर ठेवली नाही. ते काम माझं होतं.

मिस्तरी म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मिस्तरी म्हणत आणि लग्नानंतर वर्षभरात मीही तेच म्हणू लागले. एकेचाळीस वर्षं त्यांनी क्रिकेटच्या बॅटी केल्या. घराची पुढची खोली हाच कारखाना. खिडकीखाली शिकंजा, भिंतीला रंधे, कानशी आणि दोन मुठींची लांब सुरी, कोपऱ्यात विलो लाकडाच्या फळ्यांची चळत आणि जमिनीवर बारा महिने ढलप्या. मी कितीही झाडलं तरी पिठाच्या डब्यात एखादी ढलपी सापडायचीच. मी ती त्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवली की म्हणायचे, "असू दे. लाकूड पोटात गेलं की माणूस ताठ राहतो."

माझे वडील पोस्टमास्तर होते. त्यांच्या कचेरीतला पार्सलं तोलायचा काटा मोडीत निघाला तेव्हा तो त्यांनी घरी आणला आणि माझं लग्न ठरल्यावर मला देऊन टाकला. आई म्हणाली, "द्या, द्या. हिला सगळं तोलूनमापून लागतं." हे कौतुकानं की वैतागानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काट्याची आकड्यांची तबकडी पौंड-औंसांची होती, सोळा औंसांचा एक पौंड, आणि काटा तपासायला सोबत पितळी वजनांची लाकडी पेटी होती. पुढे सगळीकडे किलो आले; बॅटी मात्र पौंड-औंसांतच राहिल्या. दोन पौंड सात औंसांची बॅट म्हणजे 'दोन-सात'. त्यामुळे वडिलांचा काटा आमच्या घरी रिकामा बसला नाही.

रोजनिशीची सवय कॉन्व्हेंटमधली. आमच्या मदर दर शुक्रवारी वह्या तपासत आणि 'मला वाटलं' असं कुठे दिसलं की त्याखाली तांबडी रेघ ओढत. "पाहिलंस ते वहीत लिही. वाटलं ते देवाला सांग," असं त्यांचं म्हणणं. आणि मला नवरा मिळाला तो 'वाटण्या'वर पोट भरणारा.

लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यातली नोंद माझ्याकडे आहे. मिस्तरींनी दोन बॅटी माझ्या हातात एकीमागून एक दिल्या. "कुठली जड?"

"ही. चांगलीच जड आहे."

"ठेव तुझ्या काट्यावर."

दोन्ही दोन-आठ भरल्या. अगदी काट्याला काटा. मी पुन्हा ठेवल्या, अदलून बदलून ठेवल्या, मग काट्याला चापट मारली.

"काट्याला मारू नकोस, पोस्टाचा आहे," मिस्तरी म्हणाले. त्यांनी भिंतीवरची हातोडी काढून माझ्या हातात दिली. "दांड्याला शेवटी धर. आडवी धर. आता उलटी करून डोक्याला धर. हातोडी बदलली का?"

"नाही."

"मग आत्ता जड होती ती हलकी कशी झाली?"

मी हातोडी पुन्हा उलटसुलट करून बघितली.

"वजन किती आहे ते तुझ्या काट्याला कळतं, बाई. कुठे आहे ते त्याला कळत नाही. ते हाताला कळतं. मी काय करतो, लाकूड तेवढंच ठेवतो आणि खालचं वजन उचलून मुठीकडे नेऊन ठेवतो. खेळणाऱ्याच्या नकळत."

या उद्योगाला ते 'चोरी' म्हणत. बॅट तयार झाली की दुपारी चहानंतर तिचं वजन व्हायचं. मिस्तरी खोलीच्या मधोमध उभे राहत, डोळे मिटत आणि बॅट तीनदा उचलत. तिसऱ्या वेळी थांबून म्हणत, "दोन-सात." मग बॅट माझ्याकडे देत. काटा स्वयंपाकघराच्या दाराशी फडताळावर असे, तबकडीचं तोंड माझ्या बाजूला. ते तबकडी बघत नसत. पाठ करून उभे राहत आणि विचारत, "काय म्हणतो काटा?"

"दोन-दहा."

"तीन औंस चोरले!" आणि हात झटकून हसायचे. बॅट खरी दोन-दहा, हाताला मात्र दोन-सात. मारायला तेवढं लाकूड मिळतं आणि उचलायला तेवढं लागत नाही. तीन औंसांची चोरी म्हणजे चांगलं काम, दोन म्हणजे बरं. चारची चोरी एकेचाळीस वर्षांत फक्त दोनदा झाली.

मी रोजनिशीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखले होते: कोणासाठी, हात, काटा. मिस्तरी मात्र बॅटच्या खांद्यावर पेन्सिलीनं हाताचाच आकडा लिहीत. त्यावरून भांडणं व्हायची. एका बँकेच्या संघाचे कप्तान पहिल्यांदा आले होते तेव्हाचं मला आठवतं. बॅट घरी नेऊन दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले.

"मिस्तरी, इथं दोन-सात लिहिलंय. माझ्याकडे दोन-दहा भरतेय. फसवता काय?"

"काटा खेळायला उतरणार आहे का?"

"नाही."

"मग त्याला कशाला विचारता? लग्नाआधी बायकोला वजन विचारलं होतंत?"

"विचारायला हवं होतं," कप्तान म्हणाले, आणि दोघंही इतक्या मोठ्यानं हसले की मी चहा टाकला. त्यानंतर वीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाची बॅट हातात धरली नाही.

मिस्तरी सहासष्ट वर्षांचे झाले त्या वर्षीच्या जूनमध्ये एक दिवस त्यांनी बॅट उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन-दहा," म्हणाले.

काट्यावर दोन-दहा भरली.

"म्हणजे चोरी शून्य?" त्यांनी मागे वळून बघितलं. असं ते कधी करत नसत. "फळीच जड जातीची आहे. हात लावल्या लावल्याच मला शंका आली होती."

पुढची बॅट तशीच. त्याच्या पुढची बॅट त्यांच्या हाताला काट्यापेक्षाही एक औंस जास्त भरली. असं कधीच झालं नव्हतं. ते जेवले नाहीत. दिवसभर फळी शिकंज्यात लावून तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, आपण लाकडाचं चोरायचं, तर लाकूडच आपल्याला लुबाडायला लागलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच बॅटची पाठ आणखी उतरवली. दुपारी डोळे मिटून उचलली. "दोन-सात," म्हणाले, पण हळू. मी काट्यावर ठेवली. दोन-सहा.

"काय म्हणतो काटा?"

त्यांची पाठ माझ्याकडे होती. मानेवर सदऱ्याची कॉलर फाटली होती आणि तिच्यावर भुसा बसला होता. मी म्हणाले, "दोन-नऊ."

"दोन चोरले," ते म्हणाले. फार आनंदानं नाही, पण त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

वहीत मी दोन-सहाच लिहिलं. तोंडानं खोटं बोलायला मला जमलं. वहीत लिहायला जमलं नाही. असं पाच महिने चाललं. सतरा बॅटी. प्रत्येक वेळी मी दोन-तीन औंसांच्या चोरीचा आकडा सांगितला आणि वहीत खरा लिहिला. खरे आकडे उतरत गेले: दोन-पाच, दोन-पाच, दोन-चार, दोन-तीन. त्यांच्या हाताला बॅट जड लागे, म्हणून ते ती हलकी होईपर्यंत तासत. मग मी सांगत असे की लाकूड अजून भरपूर आहे. त्यांच्या डोळ्याला दिसत नव्हतं का? दिसत असणार. पण डोळ्यानं शंका काढलीच तर माझा आकडा तिचं तोंड बंद करत होता.

बॅट फार तासली की मोडते, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं मी त्या घरात राहत होते. मला वाटलं, हाताला थोडं काहीतरी झालं आहे, शेकून बरं होईल. मी रोज गरम पाण्याची पिशवी भरून देत होते. मदरनी इथे तांबडी रेघ ओढली असती.

ऑक्टोबरात एका कॉलेजातल्या मुलाची बॅट मोडली. मग आणखी एक. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला कप्तान आले. आता ते बँकेतून निवृत्त झाले होते, रविवारी जुन्या मंडळींच्या संघात खेळत. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते शिकंज्याशेजारी हळूच ठेवलं आणि कागद उलगडला. बॅट मधोमध दुभंगली होती.

"सरळ चेंडू होता हो मिस्तरी. माझ्या नातवानंही अडवला असता."

मिस्तरींनी तुकडे जुळवून बघितले. मग म्हणाले, "फळी वाईट निघाली. या खेपेची सगळी चळतच वाईट आहे."

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल." कप्तान माझ्याकडे बघत होते. "वीस वर्षांत पहिल्यांदा मोडली. दुसरी कोणाची असती तर भांडलो असतो. तुमच्याशी कसं भांडू? सवय नाही."

ते गेल्यावर मिस्तरींनी मला फळीवाल्याला पत्र लिहायला सांगितलं. पंचवीस वर्षं तोच माणूस फळ्या पाठवत होता. मिस्तरी सांगत गेले, मी लिहीत गेले: तुम्ही आम्हाला ओली, निकृष्ट फळी पाठवलीत, तुमच्यामुळे आमचं नाव गेलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या पत्रातही ते चांगलंच आलं. मी पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. पोस्टमास्तरची मुलगी असून आयुष्यात तेवढं एक पत्र मी पेटीत टाकलं नाही. ते अजून त्या वर्षीच्या वहीत आहे.

आणि त्याच आठवड्यात डावरी आली.

डावरी म्हणजे मिस्तरींची भाची, त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. डाव्या हातानं खेळायची म्हणून डावरी. तेव्हा सव्वीस वर्षांची होती, एका शाळेत खेळाची शिक्षिका. राज्याच्या संघासाठी तीनदा चाचणीला गेली होती, तीनदा यादीतून गळली होती. ती दारातूनच ओरडली, "मामा, तेवीस दिवस उरलेत! या वर्षी नाही तर मग मुलांना कवायत शिकवत म्हातारी होणार मी."

"आधी चपला काढ. मग म्हातारी हो."

"दुकानातल्या बॅटनं मनगट गेलं माझं. नुसती खाली ओढते, बादली धरल्यासारखी. मला दोन-सहा पाहिजे."

"हाताला दोन-सहा की काट्याला?"

"हाताला! काट्याला कोण विचारतं?" तिनं वाकून माझ्याकडे बघितलं. "मामी विचारते. सॉरी, मामी."

मिस्तरींनी चळतीतली सगळ्यात जुनी फळी काढली. ती त्यांनी सात वर्षं बाजूला ठेवली होती, वाईट ठरवलेल्या खेपेतली नव्हती. पाच दिवस ते तिच्यावरच काम करत होते. वेताचा दांडा पाचरीसारखा फळीत बसवला, सरस वाळू दिला, पाठ उतरवली. अधूनमधून उजवा हात मांडीवर घासत. त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस बसून गेलं होतं. तिथे एक खळगा दिसत होता. मी तो कधीपासून बघत होते आणि वहीत मात्र लिहिला नव्हता.

बुधवारी दुपारी चहा झाला. मिस्तरी मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, तीनदा बॅट उचलली. "दोन-सहा," म्हणाले. "घे."

मी काट्यावर ठेवली. दोन-एक.

शाळकरी मुलांच्या बॅटीही याहून जड असतात.

"काय म्हणतो काटा?"

मी वही काढली होती. 'कोणासाठी' या रकान्यात डावरीचं नाव आधीच लिहिलं होतं. त्याच्या वरती सतरा नावं होती आणि त्यांतल्या तीन नावांपुढे मी बारीक अक्षरात 'मोडली' असं लिहिलं होतं.

"बोल ना. किती चोरले?"

"तुम्ही इकडे या," मी म्हणाले.

"का?"

"या म्हणते ना."

ते आले. मी काट्याची तबकडी त्यांच्याकडे फिरवली आणि वही उघडून काट्याशेजारी ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी वही कधी उघडली नव्हती. चष्मा शोधून आणला, तो लावला आणि वरून खाली बोट फिरवत आकडे वाचू लागले. मी शेगडीपाशी उभी होते. त्यांचं बोट मध्येच थांबायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा खाली यायचं.

"हे आकडे तू मला सांगितले नव्हतेस."

"नाही."

"कप्तानाची दोन-तीन होती?"

"हो."

"तू मला दोन-दहा सांगितलंस."

"हो."

"का?"

"तुमचं तोंड बघवत नव्हतं."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "काटा बिघडला असेल," आणि स्वतःच पितळी वजनांची पेटी उघडली. एक पौंडाचं वजन काट्यावर ठेवलं. काटा एकावर जाऊन थांबला. दोन पौंडांचं ठेवलं. दोन. मग त्यांनी एक पौंडाचं वजन डाव्या हातात घेतलं, डोळे मिटले, तीनदा उचललं. तेच उजव्या हातात घेतलं. मग पुन्हा डाव्या. असं किती वेळ केलं ते मी मोजलं नाही. शेवटी उजव्या हातात ते वजन धरून ते स्टुलावर बसले.

"इकडे एक पौंड आहे," त्यांनी डावा हात थोडा हलवला. "आणि इकडे दीड."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी वही मिटायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे उघडी."

डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले. चाळीस वर्षं मान वाकवून काम केल्यानं नस दबली होती. "आणखी बिघडू देणार नाही, पण गेलेली ताकद परत येईल असं सांगत नाही," ते म्हणाले. मिस्तरींनी एकच विचारलं, "डावा?" डॉक्टर म्हणाले, डावा चांगला आहे. "डाव्यानं मला काही कळत नाही," मिस्तरी म्हणाले. डॉक्टरांना ते समजलं नाही. मी समजावत बसले नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला सतरा पोस्टकार्डं आणायला सांगितली. वहीत नावं होतीच. मजकूर त्यांनी सांगितला: "जूनपासून नेलेली माझी बॅट वापरू नये. तिच्यात लाकूड कमी आहे. दोष फळीचा नाही, माझ्या हाताचा आहे. बॅट परत आणून द्यावी." मी त्याखाली लिहिलं, "आणि वजन सांगणारीचाही." त्यांनी पहिलं कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं. "हे खोड."

"नाही खोडणार."

"लोक काय म्हणतील?"

"खरं म्हणतील."

सतराही कार्डं तशीच गेली. चौदा बॅटी परत आल्या. कप्तान कार्ड हातात घेऊन आले, पण त्याबद्दल काहीच बोलले नाहीत. तासभर बसले, क्रिकेटच्या गप्पा मारल्या आणि उठताना मला म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो." मला ते अजून लागतं.

डावरीच्या चाचणीला तेरा दिवस उरले होते. मी म्हणाले, तिला दुसरीकडून बॅट घ्यायला सांगूया. सकाळी उठून बघते तर शिकंज्यात नवी फळी. डाव्या हातात सुरी, उजवा नुसता आधाराला.

"ये इकडे. आजपासून उचलायचं तू."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"एवढी वर्षं प्रत्येक बॅट माझ्या हातातून तुझ्या हातात गेली. तुझ्या हातातून काट्यावर. मधे तुझा हात होताच की."

मी डोळे मिटून बॅट उचलली. "दोन-अकरा."

"ओळखून सांगतेस. फळी केवढी आहे ते बघितलंस आणि हिशेब केलास."

"मग काय करू?"

"हात काय म्हणतो ते सांग."

"हात म्हणतो, कुकर लावायची वेळ झाली."

ते हसले. जूननंतर पहिल्यांदा. मग म्हणाले, "पुन्हा."

दहा दिवस हे चाललं. ते थोडं तासत, मला उचलायला लावत. सुरुवातीला मी नुसते आकडे सांगत होते आणि ते ओरडत होते. परत आलेल्या चौदा बॅटी आणि घरातल्या जुन्या बॅटी त्यांनी भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या आणि मला पाठीमागून एकेक हातात देत गेले. माझं मनगट सुजलं. सहाव्या की सातव्या दिवशी एक बॅट उचलताना मला पहिल्यांदा असं झालं की ती कुठे जड आहे हे आधी कळलं आणि किती जड आहे ते नंतर. "खाली ओढते," मी म्हणाले. "इथे, टोकापासून चार बोटांवर." त्यांनी तिथेच पेन्सिलीची रेघ मारली आणि रंधा घेतला.

चाचणीच्या दोन दिवस आधी, शनिवारी, दुपारी चहानंतर मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. डोळे मिटले. तीनदा उचलली. पहिल्या दोन वेळा मला भीतीच वाटत होती. तिसऱ्या वेळी बॅट आपली आपण वर आली.

"दोन-सहा," मी म्हणाले.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः काट्यावर ठेवली. तबकडी त्यांच्याकडे होती. मी पाठ करून उभी राहिले.

"काय म्हणतो काटा?"

मी वळले. ते वहीवर वाकून लिहीत होते. त्यांचं अक्षर आधीच किरटं, त्यात तो हात. 'हात' या रकान्यात त्यांनी माझा आकडा लिहिला होता, दोन-सहा. 'काटा' या रकान्यात दोन-नऊ.

"तीन चोरलेस," ते म्हणाले. आणि लगेच बॅटला जवसाचं तेल लावायला घेतलं.

डावरी संध्याकाळी आली. अंगणात दोनचार फटके हवेत मारले, थांबली, पुन्हा मारले. "मामा," एवढंच म्हणाली. मिस्तरी दारात बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते, ते सांगतात का ते. "मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "तुझ्या मामीला विचार. तिनं उचलून दिलीय." डावरीला ती थट्टा वाटली.

चाचणीत तिनं एकसष्ट धावा केल्या. यादीत तिचं नाव आलं नाही. का नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा रडून झालेली होती. बॅट पुढे करून म्हणाली, "हिनं काही कमी केलं नाही, मामा." मिस्तरींनी बॅटच्या पाठीवरून डाव्या हाताचा अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. कुठे भेग आहे का ते बघत होते. त्या दिवशीच्या नोंदीत मी यादीचं लिहिलं आहे, एकसष्ट धावांचं लिहिलं आहे आणि शेवटी लिहिलं आहे: बॅट शाबूत.

त्यानंतर त्यांनी बॅट केली नाही. कोणी फारच मागे लागलं तर म्हणत, "मी करीन, पण उचलणारीला वेळ नाही." परत आलेल्या चौदा बॅटींना खालून करवत लावून त्यांनी डावरीच्या शाळेतल्या लहान मुलांना दिल्या. तीन वर्षांनी, मार्चमध्ये, ते गेले. मी त्या दिवशीची नोंद केली आहे. ती इथे उतरवत नाही.

मागच्या महिन्यात डावरी आली होती. तिचेही केस आता पांढरे व्हायला लागले आहेत. ती बॅट तिनं परत आणली. "मामी, ही इथेच राहू दे. माझ्याकडे माळ्यावर पडून असते." ती गेल्यावर मी चहा घेतला आणि बॅट काट्यावर ठेवली. दोन-आठ. इतक्या वर्षांत लाकूड वाळून एक औंस गेला होता.

मग मी खोलीच्या मधोमध उभी राहिले, डोळे मिटले आणि तीनदा उचलली. माझं वय आता एकोणऐंशी. तिसऱ्यांदा ती पुरती वर आली नाही. हात म्हणाला, तीन पौंड.

मी वहीत दोन्ही आकडे लिहिले. त्या बुधवारी मी फिरवलं तेव्हापासून काट्याचं तोंड खोलीकडेच होतं. ते तसंच राहू दिलं.